अंगठ्याची मुदत

शववाहिका मोबाइलच्या दुकानासमोर थांबली आणि थोरला मागच्या दारातून उडी टाकूनच उतरला. गाडीत चालणारा चार्जर हवा, म्हणाला, आणि सगळ्यात फास्ट असेल तोच.

दुकानदार काही गिऱ्हाइकाच्या घाईने हलणारा नव्हता. त्याने काचेवर पाच-सहा चार्जर मांडले आणि प्रत्येकाची कुंडली सांगत सुटला. हा एका फोनचा, हा दोन फोनचा, ह्याला निळा दिवा, हा तापत नाही. मग गाडी कोणती ते विचारलं. थोरल्याने नुसती मान वळवली. दुकानदाराने बाहेर पाहिलं, गाडीवरची अक्षरं सावकाश वाचली, आणि धंद्याला जागून पुढचा प्रश्न विचारला.

"रोजचा वापर किती?"

"आजच्यापुरता," मागून आलेला धाकटा म्हणाला.

घाई उगाच नव्हती. गाडी निघता निघता वॉर्डातली नर्स धावत आली होती. बाबांचा फोन आणि चष्मा तिने थोरल्याच्या हातात दिला आणि सहज बोलून गेली की घर कुणाला द्यायचं ते आजोबांनी फोनमध्ये बोलून ठेवलंय, फोन धरायला मीच होते. ऐकल्याबरोबर दोघा भावांचे डोळे कोरडे झाले. फोन उघडायचा तो बाबांच्या अंगठ्याने. अंगठा गाडीतच होता, पण फोन कित्येक दिवस उपाशी पडून गार झालेला. ड्रायव्हरच्या चार्जरचं टोक त्याला बसेना. विद्युतदाहिनीची वेळ ठरलेली. आणि दाहिनीच्या पुढे अंगठा कुठून आणणार?

"कितीही दणकट घ्या साहेब," दुकानदार म्हणाला, "फोन म्हातारा असला तर झेपेल तेवढंच ओढणार."

थोरल्याने तरी सगळ्यात दणकट उचलला. धाकट्याला दोन फोनचा हवा होता, त्याचाही उतरत आला होता. शेवटी दोन फोनचा दणकट घेतला. त्यावर दोन वर्षांची गॅरंटी आहे म्हटल्यावर धाकटा शिक्का मारून घेतल्याशिवाय हलेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. शववाहिकेला हॉर्न असतो हे रस्त्यावरच्यांच्या गावीही नव्हतं, दोघेतिघे दचकून बाजूला झाले.

गाडीत नवीनच पंचाईत. चार्जरचं भोक पुढे ड्रायव्हरपाशी, बाबा मागे, आणि वायर मधल्या खिडकीतून जेमतेम वीतभर आत येणारी. वायर काढली तर फोन पुन्हा डोळे मिटेल, ही धास्ती. मग भावांनी बाबांनाच पुढे सरकवलं. दोघांनी स्ट्रेचरची एकेक बाजू धरली, जुनं कपाट हलवावं तशी. मधली बहीण बाबांच्या पायाशी बसली होती. ती पहाटेच परगावाहून आली होती. तिला कुणी काही विचारलं नाही, नुसतं जरा सरक म्हणाले.

फोनने डोळे उघडले. थोरल्याने रुमालाने बाबांचा अंगठा पुसला, काचेवर टेकवला, दाबला, फिरवून दाबला. फोनने काही ओळख दाखवली नाही. वर अक्षरं उमटली, की फोन नुकताच सुरू झाला आहे, आधी आकडे टाका, अंगठ्याचं मागाहून पाहू.

थोरल्याने मोठ्या विश्वासाने आपली जन्मतारीख टाकली. फोन थरथरला. धाकट्याने त्याला कोपराने सारून आपली टाकली. फोन पुन्हा थरथरला. मग दोघांनी आईची आठवून पाहिली आणि तिच्या सालावरून वाद घातला. तेवढ्यात फोनने त्यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं.

थोरल्याचा तोल गेला. आकडे ठाऊक असायला माणसाला अधूनमधून भेटावं लागतं, असं तो धाकट्याला म्हणाला. धाकट्याने विचारलं, तू शेवटचा कधी गेला होतास?

"मी रोज फोन करत होतो," थोरला म्हणाला. "आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. बंदच लागायचा."

"मग मी काय करत होतो, दादा? मलाही बंदच लागायचा."

हे म्हणताना दोघांचेही आवाज छान भरून आले होते. ड्रायव्हरनेसुद्धा गाडी जरा हळू केली.

तेवढ्यात बाबांच्या फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या, आणि मधलीच्या पर्समध्ये टिंग वाजलं. तिने फोन काढून पाहिला आणि तसाच धरून बसली. काय आलं म्हणून धाकट्याने विचारलं, तेव्हा तिने वाचून दाखवलं.

"तुम्ही फोन करत होता तो नंबर आता सुरू झाला आहे."

धाकट्याने आपला फोन पाहिला, विजार झटकल्यासारखं करून खिशात घातला. थोरला आपल्या फोनकडे बघत राहिला. एक खड्डा गेला, दुसरा गेला. टिंग काही वाजेना. मधलीने वर पाहिलं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"ह्या रस्त्याला माझ्या फोनला रेंजच नसते," तो म्हणाला.

"माझ्याही," धाकटा म्हणाला.

आणि थोरल्याचा फोन खणखणून वाजला. तो वाजू द्यावा की घ्यावा हे त्याला कळेना. शेवटी घेतला. पलीकडून दाहिनीवाला विचारत होता, वेळ होऊन गेली, कुठपर्यंत आलात?