आषाढातलं आलं

"हे आलं जुनं आहे, बोजू," निमकित म्हणाली आणि हातातला गड्डा तिने परत टोपलीत टाकला. "इथे सेंद्रिय म्हणून बसायचं आणि खालून ट्रकने आलेला माल विकायचा, असं चाललंय का?"

हर्कमाया बोजूने, त्या विकणाऱ्या आजीने, मान वर केली नाही. ती रायोच्या पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. शेजारी गोल लाल मिरच्यांचा ढीग लावून बसलेला जसहांग मात्र हसला.

"बोजू, तुझं आलं तुझ्यावरच गेलंय. नुसत्या सुरकुत्या!"

"सुरकुत्या आहेत, पण तिखट केवढं आहे ते चाखून बघ," बोजू म्हणाली. "तुझ्या मिरचीला रडवेल."

निमकितला हसू आलं नाही. सकाळपासून ती गंगटोकच्या लाल बाजारात फिरत होती. मोठी वेलची मिळाली होती, फापराचं, म्हणजे कुट्टूचं, पीठ मिळालं होतं, मिरच्या याच जसहांगकडून घेतल्या होत्या. राहिलं होतं फक्त आलं. दोन वाजताच्या जीपने पेटी खाली जायची होती आणि तिथून दिल्लीला. तिथला दुकानदार ही एकच पेटी बघून ठरवणार होता, निमकितच्या नव्या दुकानाचा माल वर्षभर घ्यायचा की नाही. पेटीवर लावायची चिठ्ठी तिने छापून आणली होती. ‘सिक्कीमचं सेंद्रिय. शेतकऱ्याच्या मुलीने पारखून निवडलेलं.’ त्यातल्या दुसऱ्या वाक्याचा तिला फार अभिमान होता.

आणि आलं तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. टपोरं, पातळ सालीचं, नखाने टोचलं तर रस येणारं. सुट्टीला घरी गेलं की अंगणात तसल्याच आल्याचा ढीग पडलेला असायचा. आई धुवायची, ती निवडायची. या टोपलीतलं आलं काळपट होतं, आकसलेलं, दोऱ्यादोऱ्यांचं.

"ताजं नाही का तुमच्याकडे?" तिने विचारलं. "दुप्पट भाव देते."

"ताजं आहे की. जमिनीत आहे. हाताएवढी पानं आलीत त्याला."

"मग थोडं काढून द्या ना."

आता बोजूने जुडी खाली ठेवली. "पोर अजून वाढतंय, छोरी. दहापट दिलेस तरी नाही काढणार. मंगसिरात ये, थंडी पडली की."

"आणि हे काय आहे मग?"

"बस इथे." बोजूने बाजूचं पोतं सरकवून जागा केली. निमकित नाइलाजाने बसली. बोजूने एक गड्डा उचलला, निमकितचं बोट धरलं आणि लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला लावावं तसं गड्ड्याच्या एका कडेवर टेकवलं. तिथे मोडल्याची खूण होती. ओलसर. बोटाला झणझणीत वास लागला.

"कळलं? हे काल मोडलंय. वखारीतल्या आल्याला अशी ओली खूण असते का?"

निमकितने मान हलवली. नसते.

"फाल्गुनात आपण हे आलं लावतो. त्याला कोंब फुटतो. आषाढापर्यंत कोंब आपल्या मुळांवर उभा राहतो. मग बुडाशी हात घालायचा आणि हे जुनं आलं हळूच मोडून घ्यायचं. पोराला धक्का लागता कामा नये. कुदळ चालत नाही, खुरपं चालत नाही. नुसती बोटं." तिने आपली बोटं पुढे केली. नखं मुळापर्यंत तुटली होती, कडांना काळी माती बसली होती. "कोंब मागे राहतो, वाढतो. आणि ही बाजारात येते. जुनी आहेच ती. मी कुठे नाही म्हणाले? ही मौ आहे. आई."

निमकित त्या नखांकडे बघत राहिली.

दार्जिलिंगच्या वसतिगृहात ती पहिलीपासून होती. डोंगरातल्या शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यात. बारा वर्षांत एकही आषाढ तिने घरी काढला नव्हता. आषाढात यायची ती आई, तेही एका दिवसासाठी. शाळेच्या कचेरीत जाऊन यायची आणि बाकावर शेजारी बसायची, हात शालीखाली घेऊन. थंडी नसली तरी शालीखालीच. एकदा शाल सरकली तेव्हा निमकितने अशीच नखं पाहिली होती. मैत्रिणी बघतील म्हणून तिने स्वतःच शाल नीट केली होती. दरवर्षी निघताना आई तेच वाक्य बोलायची, "मौ निघाली, फी भरली. तू अभ्यास कर." मौ कुठून निघते, कशी दिसते, हे निमकितने कधी विचारलं नव्हतं.

"काय गं, घ्यायचं नाही ना?" जसहांग म्हणाला. "मग उठ, गिऱ्हाइकाला जागा दे."

"सगळी टोपली घेते," निमकित म्हणाली.

बोजूने डोळे बारीक केले. "दिल्लीवाला तुझ्यासारखंच बोलेल हं. जुनं आहे म्हणेल, परत पाठवेल."

"पाठवू दे."

तिने पेटी उघडली आणि आलं सगळ्यात वर रचलं, मातीसकट. मग चिठ्ठी गुडघ्यावर घेतली. ‘पारखून निवडलेलं’ या अख्ख्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली पेनाने, सावकाश, लिहिलं:

‘हे आलं जुनंच आहे. यानेच मला शिकवलं.’