नळीतला निळा रंग

बन्सीधर कंपाउंडरनं काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली तेव्हा चतुरा दाराला टेकून उभी होती. नळीत निळं औषध आणि तिच्या वडिलांच्या लघवीचे थेंब. उकळल्यावर विटेसारखा लाल रंग आला की साखर फार, हिरवा आला की थोडी. निळा राहिला तर साखर नाहीच.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"निळाच हाय," बन्सीधर म्हणाला. "आता तरी बसा जरा. तुमच्याकडं बघून मलाच घाम फुटायलाय."

वालूरहून वडिलांना, आश्रुबांना, आणलं तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. साखर उतरली तर पाय राहील, नाही तर कापावा लागेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, इन्सुलिन हैदराबादेहून मोजकंच येई. सुई टोचली की पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाही तर हीच सुई जिवावर उठते, हेही त्यांनी बजावलं होतं.

दवाखान्यातून सकाळी कपभर दूध मिळे. जेवण घरचं. चतुराचं सासर परभणीतच, म्हणून डबा तिच्याकडून. मर्दाना वॉर्डात बायकांना थांबू देत नसत. ती डबा ठेवी, सुई दिलेली पाही आणि निघे. संध्याकाळी धुतलेला डबा परत नेई.

एरवी आबा तिच्या घरी आले तर ओट्यावरच बसत, पाणीही न पिता उठत. इथं डबा रिकामा होत होता. या आजारपणातलं तेवढं सुख तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

"आबा, भाजी कशी झाली होती?" त्या संध्याकाळी डबा उचलताना तिनं विचारलं.

"चांगली व्हती."

"आणि मीठ?"

"बापाची परीक्षा घ्यायलीस व्हय?" ते हसले. कपाळ घामानं भिजलं होतं, हात थरथरत होता.

"घाम कशाचा हो?"

"उकडायलंय. तू जा बाई. सासू वाट बघत आसंल."

शेजारच्या खाटेवर पिंगळीचा लिंबाजी होता, मेंढरं राखणारा. त्याला भेटायला कुणी येत नसे. तो कूस बदलून भिंतीकडे वळला.

व्हरांड्यात डॉक्टर भेटले. "जेवतात ना बरोबर?"

"व्हय साहेब. डबा रोज रिकामा आसतो."

"शाबास. पोटभर खाऊन निळा रंग, म्हणजे डोस बरोबर बसला. हाच ठेवू. पाय वाचला समजा."

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी जरा जास्तच केली आणि जवळजवळ पळतच दवाखाना गाठला.

आबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पाय बाहेर राहिला होता. अंगठ्याची जखम सुकत आली होती.

बऱ्याच वेळानं लिंबाजी उठून तिच्याजवळ आला.

"बाई, तुमच्या भाकरीवर मी उभा राह्यलो," तो हलकेच म्हणाला. "म्हाताऱ्यानं एक घास कधी घेतला न्हाई. म्हनायचं, लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं आपल्याला चालत न्हाई, पर हे तिला कळू देऊ नको, तिच्या जिवाला लागंल."