काचेपासून लांब उभे राहा

काटा काही केल्या हलेना. हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रासमोर मिनेको गुडघे टेकून बसली होती आणि काटा लाल रेघेच्या खाली ठाण मांडून बसला होता.

कामिनोसावाच्या गावसंग्रहालयात ती एकटीच कामाला. तिकीट तीच फाडायची, माहिती तीच सांगायची, जिन्याखालची जळमटंही तीच काढायची. आज खोलीच्या मधोमध एक लाकडी पेटी होती आणि पेटीत गावचा सिंह होता: उत्सवात डोक्यावर घेऊन नाचायचा लाखेचा मुखवटा. देवळाला आग लागली तेव्हा सांभाळायला म्हणून तो शहरातल्या मोठ्या संग्रहालयात गेला, तेव्हा मिनेको तिसरीत होती. आता तिचे गुडघे वाजायला लागले होते आणि सिंह आत्ता कुठे घरी आला होता. तोही उत्सवापुरता, आणि अजून पेटीतच.

"बाराच्या भोंग्यापर्यंत," सेगावासर दारातूनच म्हणाले. पेटीबरोबर शहरातून आलेले तज्ज्ञ ते. अंगात कोट, पायात बूट, म्हणजे आत यायचा विचार नव्हताच. "इतक्या कोरड्या हवेत लाख तडकेल. काटा रेघेवर आला तर झाकण उघडू, नाहीतर पेटी परत नेतो. मला यात आनंद आहे असं समजू नका."

वाफ सोडणारं यंत्र होतं की. खोऱ्यातल्या छोट्या संग्रहालयांच्या संघाचं ते एकुलतं एक यंत्र, आज या गावी तर उद्या त्या गावी फिरणारं. काल दिवसभर ते इमानदारीत फुसफुसलं आणि आज सकाळी कायमचं गप्प झालं. ओले टॉवेल, शेगडी, शेगडीवरची किटली, मिनेकोनं सगळं सुचवून पाहिलं. सरांचं उत्तर एकच. "उघडं पाणी आणि आग या खोलीत येणार नाही."

ती उठून खिडकीशी गेली. अंगणात संघाची माणसं गारठत उभी होती. सोमवारी सगळ्यांचीच संग्रहालयं बंद, म्हणून पेटी उतरवायला हात लावू म्हणत सगळे धावून आले होते. पेटी उतरवून झाल्यावर मात्र एकही जण आत थांबायला तयार नव्हता.

"आजोबा, आत या. आजारी पडाल," तिनं कोळसा संग्रहालयाच्या कुमागाई आजोबांना हाक मारली.

"नको गं पोरी. एवढी माणसं आत आली म्हणजे केवढे श्वास. खोलीत नुसती ओल..."

आजोबा बोलता बोलता थांबले. मिनेको त्यांच्या तोंडासमोर तरंगणाऱ्या वाफेकडे बघत राहिली. आयुष्यभर या सगळ्यांनी एकच वाक्य घोकलं होतं: काचेपासून लांब उभे राहा, तुमच्या श्वासानं वस्तू खराब होतात. पोरांना सांगितलं, मंत्र्यांना सांगितलं, स्वतःच्या सासूला सांगितलं.

"सगळे आत या," मिनेको म्हणाली. "बूट काढा आणि या. आणि कृपा करून गप्प बसू नका."

खोली भरली. मोज्यांना मोजे लागले. सुरुवातीला सगळे पाहुण्यांसारखे अवघडून उभे राहिले. मग कागद संग्रहालयाच्या नुमाताबाईंनी सुनेचा विषय काढला आणि तो काही लवकर संपणारा नव्हता. कोणाला हसू आवरेना. कुमागाई आजोबांनी सिंहनाचाचं गाणं धरलं, सूर जरा इकडेतिकडे, पण दम भरपूर. मागोमाग सगळे गायला लागले.

काटा हलला.

"हे कुठल्या नियमात बसतं?" सेगावासरांनी दारातून विचारलं.

"पाणी नाही, आग नाही," मिनेको म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत."

"आणि उद्या? उद्या ही मंडळी आपापल्या दारात तिकिटं फाडत असतील."

"उद्या गाव येईल."

"गाव येतं इथं? मागच्या खेपेला इथं मी होतो आणि एक मांजर होतं."

"तेव्हा सिंह नव्हता, सर." मिनेकोचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "त्याच्यासाठी लागेल तितके दिवस ही खोली भरलेली ठेवीन. घराघरांतून माणसं ओढून आणीन, इथंच जेवायला घालीन."

"जेवण आत नाही," सर सवयीनं म्हणाले.

काटा रेघेपाशी आला आणि केसभर खाली अडला. गाणं दुसऱ्यांदा संपत आलं, आजोबांना धाप लागली, तरी तो पुढे सरकेना. मिनेकोनं खोलीत नजर फिरवली. आत बोलवायला आता कोणीच उरलं नव्हतं. मग तिची नजर दाराकडे गेली.

"सर, तिथं उभं राहून श्वास फुकट का घालवताय? आत या."

सेगावासरांनी घड्याळ पाहिलं, काटा पाहिला. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट नीट जोडीनं ठेवले आणि ते गर्दीत शिरले. गाणं त्यांना येत नव्हतं. ते नुसतेच आजोबांच्या शेजारी उभे राहिले, नाक लाल झालेलं.

भोंगा झाला तेव्हा काटा रेघेवर होता.

सरांनी हातमोजे चढवले, खिळे काढले आणि मिनेकोला पेटीची दुसरी बाजू धरायला सांगितलं. दोघांनी मिळून झाकण उचललं. आत काळा, लाल, सोनेरी दातांचा सिंह जबडा मिटून पडला होता. मिनेकोला तो आठवणीपेक्षा लहान वाटला आणि कितीतरी जास्त देखणा.

जन्माची सवय, पेटी उघडताच संघाच्या झाडून सगळ्या माणसांनी श्वास रोखून धरला होता.

"अहो, श्वास सोडा," मिनेको रडत रडत म्हणाली.

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठा श्वास सेगावासरांनी सोडला.