बिनवासाची सुरमई

घाटातला बोगदा सुरू झाला आणि कोकणातली पहाटेची सुरमई दहाच्या आत आमच्या घाटावरच्या बाजारात आली. पण दुपार झाली तरी एक तुकडा खपला नाही.

“वासच नाही, औषध मारलंय,” म्हणत गिऱ्हाइकं सटकायची. इतकी वर्षं आमच्याकडं मासा दुसऱ्या दिवशी, वास मारतच पोचायचा.

बर्फ वितळत होता. कोकणातून माल घेऊन आलेली मासेवाली ताई रडकुंडीला आली. “दादा, आज माल गेला नाही तर टेम्पोवाला उद्या येत नाय.”

मी शेजारचा सुकटवाला. हळूच मूठभर उग्र वासाची सुकट तिच्या पाटीखाली सारली.

लगेच एका मावशीनं नाक वर केलं. “अगं बाई, हा खरा मासा!” गर्दी उसळली.

पाटी रिकामी करून ताई हसली. “दादा, उद्या सुकटपण विकायला आणते. आमच्याकडं निम्म्या भावात मिळते.”