घुमारा

"तू वाकू नकोस, कोंपाद्रे. तुझे गुडघे काय लायकीचे राहिलेत ते मला माहीत आहे," म्हणत फाउस्तीनोने अब्सालोनच्या हातातलं गिटारच्या वायरीचं टोक घेतलं आणि काउंटरपलीकडे सोराईदाच्या हाती दिलं. दुकान तिचंच. ती खाली वाकली, काहीतरी खुटखुट केलं आणि वर येऊन म्हणाली, "झालं. वाजवा, मास्तर."

काचेवर रिव्हर्बची, म्हणजे सुराला घुमारा देणारी, तीन पेडलं मांडली होती. निळं, हिरवं आणि एक मळकट पांढरं. तिन्हींचे लाल दिवे लागलेले.

अब्सालोनने मांडीवरची गिटार नीट केली. बँड फाउस्तीनोचा, गिटारही फाउस्तीनोचीच, पण डोंगरातल्या वांकायोहून लिमात येऊन राहिलेले वांकायोकर लग्नाबारशाला नाचायचे ते अब्सालोनच्या बोटांवर. प्रत्येक सुरामागे डोंगरातून साद परत यावी तसा त्याचा घुमारा असायचा. जुन्या अँपमधली घुमाऱ्याची स्प्रिंग तुटली, म्हणून आज नवं पेडल घ्यायला दोघे आले होते. रविवारी वांकायोकरांचा मोठा मेळावा होता.

पण अब्सालोनला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. गेले काही महिने फाउस्तीनो कार्यक्रम संपला की म्हणायचा, "आज घुमारा फार झाला रे." नाहीतर, "आज घुमारा होता तरी का?" अब्सालोनला सगळं ठीक वाटलेलं असायचं. मग त्याला स्वतःच्याच कानांची भीती वाटू लागली. एकदा फाउस्तीनोने खांद्यावर हात ठेवून सांगितलंही होतं, "कान गेले असतील तर तूच सांग मला. मी विचारणार नाही. तुझ्या पोरीला बाप्तिस्म्याला मी हातात धरलंय, उगाच नाही कोंपाद्रे झालो आपण."

गिटार सुटली तर अब्सालोनकडे दुसरं काय होतं? आणि फाउस्तीनोच्या भाच्याला, जेफर्सनला, अब्सालोनच्या सगळ्या चाली तोंडपाठ होत्या.

त्याने निळं पेडल दाबलं आणि तार छेडली. सूर उमटला, कोरडाठाक, आणि तिथेच संपला.

"आहाहा!" फाउस्तीनोने डोळे मिटले. "देवळात बसल्यासारखं वाटतंय. ऐकलंस?"

"ऐकलं," अब्सालोन म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाहेर बसचा कंडक्टर घसा फोडून थांब्यांची नावं घेत होता. शेजारी रसवालीचा मिक्सर फिरत होता. तीन दुकानं सोडून कोणीतरी व्हायोलिन लावत होतं, त्याची एक तार किंचित उतरलेली होती. हे सगळं त्याला ऐकू येत होतं. पण घुमाऱ्याचं शेपूट फार बारीक, आणि वय झालं की बारीक आवाज आधी जातात. हे त्याला फाउस्तीनोनेच एकदा समजावून सांगितलं होतं.

"हिरवं बघ. जरा जास्त होतंय, नाही? बटण फिरव थोडं."

अब्सालोनने मुकाट्याने बटण फिरवलं.

"हं! आता कसं!"

"आता बरं वाटतंय," तो म्हणाला. सोराईदाने ओठ घट्ट मिटून हसू दाबलेलं त्याला दिसलं. एवढीशी बाईसुद्धा आपल्याला ओळखून चुकली, असं वाटून त्याने मान खाली घातली. आपण इतकं सराईत खोटं बोलू शकतो, याचीही त्याला लाज वाटली.

पांढऱ्या पेडलावर फाउस्तीनो अगदी खूश झाला. "सोराईदा, याचा खोका आण गं माळ्यावरून." ती गेली. तो अब्सालोनकडे वळला. "बोल आता. तिन्हींत कुठलं? वाजवणारा तू."

अब्सालोन पेडलांकडे बघत राहिला. कुठल्यातरी एकाचं नाव घेतलं की सुटका होती. पण रविवारी एवढ्या माणसांसमोर काय करायचं?

"मला ऐकू येत नाही, फाउस्तीनो."

"काय?"

"तिन्हींत काडीचाही फरक कळला नाही मला. घुमारा म्हणून काही ऐकूच आलं नाही. मघापासून खोटं बोलतोय तुझ्याशी. रविवारी जेफर्सनला उभा कर."

फाउस्तीनोने अब्सालोनला घट्ट मिठी मारली. "मर्द आहेस. दुसरा कोणी असता तर मरेपर्यंत कबूल झाला नसता."

अब्सालोनने पट्टा खांद्यावरून काढला. फाउस्तीनोने गिटार त्याच्या हातातून घेतली. गिटार पेटीत गेली, पेटी बंद झाली.

"बाकीच्यांना मी सांगतो. तू नको येऊस, तुलाच अवघड होईल," एवढं बोलून फाउस्तीनो निघालाही. पेडल घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

अब्सालोन स्टुलावर बसून राहिला. घरी बायकोला काय सांगायचं? पोरीला काय सांगायचं? भर बाजारात कोणी अंगावरचे कपडे उतरवून न्यावेत तशी लाज त्याला वाटत होती.

सोराईदा खोका घेऊन खाली आली. "अगंबाई, गेले का ते? मग काय ठरलं, मास्तर?"

"काही नाही ठरलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला एकातही घुमारा ऐकू आला नाही."

सोराईदाने खोका काउंटरवर टाकला आणि टाळ्याच वाजवल्या.

"म्हणजे गंमत फसली म्हणून पळाले तर! काल येऊन मला सांगून गेले होते, आमच्या अब्सालोनची जरा गंमत करायची आहे, वायर पेडलांत न घालता सरळ अँपला लाव, पेडलांचे नुसते दिवे पेटव. भलेभले इथे बसून अशा नुसते दिवे लागलेल्या पेडलांची बटणं फिरवतात नि माना डोलावतात हो, मास्तर. काय कान आहेत तुमचे!"