बंधकोनही घालून बघ

"म्हातारा आज परत तोच बंध फिरवायला लावणार, बघ," मधल्या लाकडी फळीपलीकडे कविता पुटपुटली. "आमचा नंबर लागायचा कधी?"

अंबाने न ऐकल्यासारखं केलं. तंजावूरच्या त्या कॉलेजात रेणू पडद्यावर फिरवून दाखवणारं यंत्र एकच होतं. एसीच्या खोलीत, देवघरासारखं. चपला बाहेर काढून आत जायचं. संशोधन करणाऱ्या दोघी, त्यामुळे कुरबुर चालायचीच.

अंबाचा रेणू लांब शेपटीचा. शेपटीतला बंध, म्हणजे दोन अणूंना जोडणारा दुवा, थोडा थोडा फिरवायचा आणि दर वळणाला ऊर्जा किती, ते यंत्राने काढायचं. त्यासाठी ओळीने चार अणू निवडायचे, डायहेड्रल कोन, म्हणजे मधल्या बंधाचा पीळ, किती अंशांनी सरकवायचा ते भरायचं आणि कॉफी प्यायला जायचं. ऊर्जा सगळ्यात कमी, तिथे रेणू निवांत. या शोधात तो आकार सापडला की प्रबंध संपला, आणि प्रबंध संपला की लग्न. मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, लवकरच अमेरिकेला निघणारा. माणसं चांगली. "लग्नानंतर हे अणू-रेणू कशाला?" असं मुलाची आई हसत म्हणाली होती, तेवढंच.

राजगोपाल सर आत आले. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "घरून काय म्हणतात?"

"अप्पा म्हणतात, मुहूर्त बघू का. सर, सगळे बंध झाले. लिहायला घेते आता."

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "ऑक्सिजनच्या शेजारचा फिरवलास?"

फिरवला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत.

"राहिला वाटतं, सर."

"मग फिरव. अंश कमी कमी घे. आणि बंधकोनही घालून बघ."

फळीपलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. बंधकोन, म्हणजे शेजारच्या दोन बंधांमधले कोन, सहसा वाकत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका, हे याच सरांनी दोघींना शिकवलं होतं.

जाताना त्यांनी शिपायाला हाक मारली, "कविताला कडक कॉफी, अंबाला बिनसाखरेची!"

"अय्यो, अंबा," कविता आत डोकावली, "सरांचं हल्ली... तुला कळतंय ना?"

"गप. निवृत्तीला आलेत. ऐकतील."

"त्यांच्यापायी तुझं लग्न अडलंय!"

"अडू दे," अंबा म्हणाली आणि चार अणू निवडू लागली.

घरीही ती हेच सांगायची. सरांना आठवत नाही अप्पा, त्यांचं मन कसं मोडू? तुळजाजी म्हणजे तिचे अप्पा, भला माणूस. सरांच्याच गल्लीत वाढलेले. म्हाताऱ्याच्या मानासाठी ते मुहूर्त पुढे ढकलत राहिले. पण मुलाकडून निरोप आला, या आठवड्यात हो की नाही ते कळवा. तेव्हा ते स्वतःच कॉलेजात आले. दाराशी चपला काढल्या, आत येऊन अवघडून उभे राहिले.

"राजगोपालराव, रागावू नका. पोरीचं काम... म्हणजे तुमचंही वय..."

"अजून एकच शोध, अप्पा," अंबा घाईने म्हणाली. "सरांना ऑक्सिजनच्या शेजारचा बंध..."

फळीपलीकडे खुर्ची सरकली.

सरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"तिचा रेणू पहिल्याच शोधात निवांत बसला, तुळजाजी. पोंगलच्या आधी. ऑक्सिजनच्या शेजारचा बंध ती चारदा फिरवून झालीय, बंधकोन दोनदा. एकही वाकला नाही. वाकणार नव्हताच."

अंबाचा हात माऊसवरून खाली आला.

"तू पडल्या चेहऱ्याने मुहूर्ताचं नाव काढलंस की मी एक बंध विसरायचो," सर तिला म्हणाले. "आता विसरायला एकही उरला नाही. मनातलं तू सांगतेस, की तेही मीच सांगू?"

अंबा उठली.

"अप्पा, मला हे लग्न नको."