समोरचा रिकामा स्टँड

नातवाच्या कॉलेजच्या बेसबॉल संघाला नवं स्टेडियम मिळालं, म्हणून माझ्या मुलानं, अश्विननं, मला बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमधून उचलून इथे आणून बसवलं. प्लास्टिकचं गवत, हजार खुर्च्या आणि प्रेक्षक आम्ही तीस. याला म्हणे होम ग्राउंड.

खेळ मला कळत नाही. पण दुसऱ्याच चेंडूला लक्षात आलं, की 'टक्' हा आवाज समोरच्या रिकाम्या स्टँडमधून आधी येतो आणि चेंडू बॅटला नंतर लागतो.

"प्रतिध्वनी आहे, बाबा," अश्विन मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

"प्रतिध्वनी नंतर येतो."

"मग कानाचं मशीन बदला. आम्हाला फिजिक्स नका शिकवू."

त्याचंच खरं असेल. माझ्या कानांवर माझा तरी कुठे विश्वास आहे? मी मशीन काढून खिशात ठेवलं. सगळं स्टेडियम मुकं झालं. शेजारी अश्विनचे ओठ नुसतेच हलत होते. समोरून मात्र स्वच्छ 'टक्' ऐकू आलं आणि मग मैदानात बॅट फिरली.

आता चेंडू टाकायला माझा नातू धवल उभा राहिला. माझ्याकडे बघून त्यानं हात हलवला.

समोरून 'टक्' झालं. पाठोपाठ त्याच रिकाम्या खुर्च्यांमधून हाडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मग धवलचा, अगदी हळू, "आजोबा."

"टाकू नकोस," मी उठून ओरडलो. अश्विननं दंडाला धरून मला खाली बसवलं आणि आजूबाजूच्यांकडे बघून तो ओशाळं हसला.

धवलनं चेंडू अजून टाकला नव्हता. त्यानं हात वर नेला.